बर्डीत तापते, वर्धा रोडवर निवते: जुन्या गाडीच्या पंख्याचे दुखणे

सकाळी गाडी ठणठणीत असते. दुपारी एकच्या सुमारास नागपूरच्या सीताबर्डीतल्या व्हेरायटी चौकाच्या सिग्नलला उभी राहिली की तापमानाचा काटा सरकू लागतो, झाशी राणी चौकापर्यंत 'एच'ला टेकतो. मग वर्धा रोडला लागून वेग पन्नासच्या वर गेला की तोच काटा काही न करता खाली उतरतो. होळी झाली की हे सुरू आणि मृगाचा पाऊस पडला की बंद. एका वर्षी कुलंट बदलून, दुसऱ्या वर्षी थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून, तिसऱ्या वर्षी पंखा 'डायरेक्ट', म्हणजे सतत चालू, करून वेळ मारून नेली जाते आणि पुढच्या एप्रिलात दुखणे परत दारात.

उभ्या गाडीत तापणे आणि चालत्या गाडीत निवणे, हे लक्षण पंख्याकडे बोट दाखवते. वेग पन्नासच्या पुढे गेला की समोरून घुसणारी हवा पुरते, पंख्याला फारसे काम उरत नाही. म्हणूनच उलटे लक्षण असेल, म्हणजे शहरात काटा मधोमध आणि समृद्धी महामार्गावर शंभरच्या वेगाने निघाल्यावर वीस मिनिटांत वर, तर पंख्यावर एक रुपयाही घालू नका. तिथे रेडिएटर आतून बुजलेला असतो, वॉटर पंपाची पाती झिजलेली असतात, किंवा पंपाच्या ओढीने खालचा होजपाईप चपटा होत असतो. त्या पाईपमधली स्प्रिंग गंजून गळून गेली की तो दाबला जातो, पण गाडी उभी करून बॉनेट उघडेपर्यंत पूर्ववत होतो, त्यामुळे दिसत नाही. आरपीएम वाढवून बघितले तरच सापडतो.

शहरातही तापते आणि हायवेवरही तापते, ही तिसरी तऱ्हा. त्यात आधी हेड पॅकिंग, म्हणजे इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांमधली पट्टी, तपासा. थंड इंजिनावर झाकण उघडून गाडी सुरू करा. पहिल्या मिनिटातली हवा सोडा, पण त्यानंतरही रेडिएटरच्या तोंडाशी एकसारखे बुडबुडे येत असतील, किंवा झाकण लावल्यावर इंजिन गरम व्हायच्या आतच वरचा पाईप दगडासारखा कडक होत असेल, तर जळलेला वायू पाण्यात शिरतो आहे. कितीही मोठा पंखा लावला तरी हे दुखणे जाणार नाही.

पुढचे सगळे पहिल्या तऱ्हेच्या गाडीसाठी आहे.

नागपूरचे ऊन गणितात कुठे बसते

रेडिएटर किती उष्णता फेकेल हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. पाणी ९५ अंश आणि हवा ३० अंश असेल तर फरक ६५. मे महिन्यात हवा ४६ वर गेली की फरक ४९. म्हणजे त्याच रेडिएटरची, त्याच पंख्याची ताकद जवळपास पाऊण राहते. वर एसी चालू असेल तर कंडेन्सरमधून, म्हणजे रेडिएटरपुढच्या एसीच्या जाळीतून, तापून आलेली हवाच रेडिएटरला मिळते आणि हा फरक आणखी घटतो. मे २०१३ मध्ये नागपूरने ४७.९ अंश पाहिले आहेत, आणि ते हवामान केंद्राच्या सावलीतले. सिग्नलला डांबरापासून दीड फुटावर, पुढच्या बसच्या मागे उभ्या असलेल्या गाडीच्या जाळीत शिरणारी हवा त्याहून गरम असते. डिसेंबरात जो पंखा जेमतेम पुरतो तो मेअखेरच्या नवतपात उघडा पडतो तो असा. पंखा अचानक बिघडत नाही. तो आधीपासूनच कमी पडत असतो, फक्त ऊन ते दाखवून देते.

नवा पंखा घेण्याआधी

काम थंड इंजिनावर करा. गरम रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही, फडके धरूनही नाही. ०.९ बारच्या झाकणाखाली साधे पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळते. झाकण उघडताच दाब जातो आणि ते पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येते. इलेक्ट्रिक पंखा असेल तर हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, कारण बऱ्याच गाड्यांत चावी बंद असतानाही तो फिरू शकतो. आणि उन्हासाठी तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा आधी काढून बाजूला ठेवा. पट्ट्यावरच्या, म्हणजे इंजिनाच्या बेल्टने फिरणाऱ्या, पंख्याजवळ लोंबणारे काहीही नको.

पहिली तपासणी जाळीची. एसीच्या गाडीत कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये बोटभर फट असते. पुढून बघितले तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो आणि फटीत मात्र धूळ, किडे, गाजरगवताचा भुसा यांची गादी जमलेली असते. काटोल, कळमेश्वर, हिंगणघाट भागात फिरणाऱ्या गाड्यांत हंगामात कापसाचे तंतू अडकतात आणि ओल्या धुळीबरोबर त्यांची नमद्यासारखी चादर बनते. रेडिएटरचे वरचे दोन बोल्ट सैल करून तो मागे कलवा आणि टॉर्च मारून बघा. पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे, म्हणजे हवेच्या उलट दिशेने मारायचे, साध्या बागेच्या नळीने. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन जवळून मारली की पातळ फिन आडव्या होतात आणि जाळी कायमची बंद पडते. आडव्या फिन प्लास्टिकच्या जुन्या कंगव्याने सरळ करता येतात, थोड्या असतील तर.

मग झाकण. त्याचे रबर चिरलेले असेल तर बदला, पण गाडीला जेवढ्या दाबाचे लिहून दिले आहे तेवढ्याचेच घ्या. जुन्या पितळी रेडिएटरला जास्त दाबाचे झाकण लावले तर डाग दिलेले सांधे उघडतात. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर सुमारे १० मिलिमीटर दबावा. जास्त दबत असेल आणि कडा काचेसारख्या चकाकत असतील तर तो घसरतो आहे.

आता काटा खरे बोलतो का, हे बघा. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि गावभर चर्चा झाली. नंतर हवामान खात्याने सेन्सरमध्ये दोष असल्याचे सांगितले. वीस-पंचवीस वर्षे जुन्या गाडीच्या सेन्सरवर त्याहून जास्त विश्वास ठेवायचे कारण नाही. इंजिनाची अर्थिंग खराब झाली तरी काटा वर-खाली नाचतो. इन्फ्रारेड थर्मामीटर हाताशी असावा. फक्त चकचकीत पितळेवर किंवा ॲल्युमिनियमवर तो रोखला तर आकडा बराच कमी दाखवतो. थर्मोस्टॅट हाऊसिंगवर आणि रेडिएटरच्या दोन्ही टाक्यांवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर मोजा. शराउड (रेडिएटरमागचे, पंख्याभोवतीचे कव्हर) काढलेला असेल तर त्याच थर्मामीटरने जाळीवर रेघा ओढल्यासारखे फिरवत जा. सगळीकडे आकडा हळूहळू उतरत जायला हवा. मध्येच हातभर जागा एकदम थंड लागली तर तिथल्या नळ्या बुजल्या आहेत. पितळी रेडिएटरचे रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळई घालून सफाई, होते. प्लास्टिक टाकीचा ॲल्युमिनियम रेडिएटर असेल तर तो बदलणेच बरे.

शराउड: ज्याला कोणी हात लावत नाही

घरचा कूलर आठवा. तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या असतात. त्यातली एक ताटी काढून ठेवली आणि पंखा तोच राहिला तर हवा ओल्या ताट्यांतून न येता उघड्या बाजूने येते. कूलर आवाज तेवढाच करतो, गारवा देत नाही. रेडिएटरच्या मागे शराउड नसेल तर नेमके हेच होते. पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी बाजूने इंजिनाचीच गरम हवा ओढून पुन्हा इंजिनावर फेकतो. जुन्या गाड्यांत हे कव्हर वॉटर पंपाच्या कामात कधीतरी काढलेले असते आणि परत बसवलेले नसते. 'लागत नाही हो ते' असे कोणीतरी म्हटलेले असते. लागते.

पट्ट्यावर चालणाऱ्या पंख्यात पात्याची साधारण निम्मी रुंदी शराउडच्या आत आणि निम्मी बाहेर असावी. पात्याचे टोक आणि शराउड यांत १२ ते २० मिलिमीटर अंतर लागते, कारण इंजिन माउंटिंगवर हलते आणि शराउड रेडिएटरला असतो. टोके घासल्याच्या खुणा एकाच बाजूला दिसल्या तर शराउड कापू नका, बसलेली माउंटिंग बदला. इलेक्ट्रिक पंखा शराउडलाच बसतो, म्हणून तिथे ३ ते ५ मिलिमीटर पुरतात.

मूळ शराउड मिळत नसेल तर १ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा बनवून घ्या. रेडिएटरची पूर्ण जाळी झाकली पाहिजे आणि पंख्याचे पाते जाळीपासून ४० ते ५० मिलिमीटर मागे राहिले पाहिजे. पाते जाळीला चिकटून बसवले तर फक्त त्याच्या समोरचा गोल थंड होतो, चार कोपरे तसेच गरम राहतात. कडेने दाराला लावतात तसली फोमची पट्टी लावा. रेडिएटरच्या पुढच्या बाजूला, ग्रिलच्या आतल्या फटीही बुजवा. उभ्या गाडीत मागची गरम हवा याच फटींतून वळून पुन्हा पुढे येते, आणि सिग्नलला तापण्याचे हे एक मोठे कारण असते. बऱ्याच गाड्यांत शराउड आणि फोम एवढ्यानेच काम भागते.

पंखा फिरतो, पण हवा का नाही

मारुती ८००, ओम्नी, झेन, एस्टीम या वयाच्या गाड्यांत पंखा इलेक्ट्रिक. 'पंखा चालू आहे' हे डोळ्यांनी बघून समाधान मानले जाते, पण तो किती व्होल्टवर चालू आहे हे कोणी मोजत नाही.

इंजिन चालू, पंखा चालू, एसी आणि हेडलाइट चालू. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. १३.५ ते १४.२ यायला हवेत. मग पंख्याच्या मोटरच्या प्लगमागे पिना खोचून मोजा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वायरिंग वीज खाते आहे. कुठे खाते हे शोधायला एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरे मोटरच्या पॉझिटिव्हवर ठेवा. आलेला आकडा म्हणजे जाणाऱ्या बाजूचा तोटा. तसेच निगेटिव्ह ते निगेटिव्ह मोजले की अर्थिंगचा तोटा कळतो.

तोटा होतो कसा, ते बघा. मूळ वायरिंग बॅटरीतून चावी, फ्यूज बॉक्स, थर्मोस्विच (पाणी तापल्यावर पंखा चालू करणारा स्विच) असे फिरून जाते. समजा ही वाट पाच मीटर आणि तार १ चौरस मिलिमीटरची. १५ अँपिअरला एकट्या तारेतच सुमारे १.३ व्होल्ट जातात. गंजलेले प्लग आणि जळालेले स्विचचे पॉइंट आणखी अर्धा-एक व्होल्ट खातात. मोटरला उरतात साडेअकरा. वेग जवळपास त्याच प्रमाणात पडतो, आणि हवा वेगाबरोबर. नवा मोठा पंखा आणून जुन्याच तारांवर जोडला तर तो जास्त करंट ओढतो, तोटा आणखी वाढतो, प्लग वितळतो. 'नवीन पंखा लावला, तरी तेच' याची कथा बहुतेक वेळा इथे संपते.

मोटरही तपासा. बॅटरी काढून हाताने फिरवल्यावर पाते थोडे तरंगत थांबले पाहिजे. लगेच अडकते किंवा वर-खाली हलते म्हणजे बुश गेले. पंखा सुरू होत नाही पण मोटरवर हलके ठोकल्यावर होतो, तर कार्बन (मोटरला आतून वीज देणारे ब्रश) संपले. कार्बन बदलता येतात, पण ते ज्यावर घासतात त्या कॉम्युटेटरवर खोल चर पडला असेल तर मोटर बदला.

कोणता पंखा घ्यायचा

खोक्यावर हवेचा मोठा आकडा छापलेला असतो. तो मोकळ्या हवेतला. पंख्यापुढे रेडिएटर आणि कंडेन्सर आले की त्यातला बराच भाग गळतो. दुकानात इंच विचारू नका, अँपिअर विचारा. १२ इंची साधा पंखा ७ ते १० अँपिअर घेतो, १४ इंची चांगला १३ ते १८. ५ अँपिअर घेणारा १४ इंची पंखा जड जाळीतून हवा ओढू शकत नाही, पाती कितीही छान दिसोत. युनिव्हर्सल पंख्यापेक्षा एखाद्या मोठ्या गाडीचा एसी मॉडेलचा पंखा शराउडसकट घेतलेला बरा. तो जाळीमागे चालायलाच बनवलेला असतो. रेडिएटरची जाळी आणि शराउडची मापे घेऊनच बाजारात जा, इंजिनापर्यंतची जागाही मोजा. मोटरच्या मागे किमान २० मिलिमीटर मोकळे असावेत.

रेडिएटरच्या मागून ओढणारा पंखा पहिली पसंती. पुढून ढकलणारा पंखा वेगात समोरच्या हवेला आडवा येतो. मागे जागाच नसेल तर नाइलाज. ओढणाऱ्याचा ढकलणारा करायचा असेल तर पाते उलटे बसवणे आणि दोन तारा बदलणे, दोन्ही करावे लागते. नुसत्या तारा बदलल्या तर दिशा बदलते पण पात्याचा बाक उलटा पडतो आणि हवा खूप कमी येते. बसवल्यावर ग्रिलसमोर वर्तमानपत्राचा तुकडा धरा. तो जाळीला चिकटून राहिला पाहिजे, सगळ्या भागात.

जाळीतून आरपार ओवायचे प्लास्टिकचे टाय पंख्याबरोबर मिळतात. ते फेकून द्या. खड्ड्यांत पंखा हलतो, टाय नळीला घासतो आणि वर्ष-दीड वर्षात बारीक गळती सुरू होते. पट्टीचे ब्रॅकेट बनवून रेडिएटरच्या बाजूच्या चौकटीला बोल्ट करा, मध्ये रबराचे वॉशर.

आणि अल्टरनेटरचा हिशेब करा. रात्री हेडलाइट १० अँपिअर, इग्निशन ४, ब्लोअर ८, एसीचा क्लच ३ ते ४, त्यात नवा पंखा १५. झाले ४०. अल्टरनेटरच्या पाटीवर ४५ लिहिले असले तरी आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसते चालू) तो त्याच्या निम्म्याच्या आसपास देतो, बाकी बॅटरीतून जाते. सगळे चालू ठेवून आयडलला बॅटरी १३ व्होल्टखाली उतरत असेल तर पंखा नेमका गरजेच्या वेळी मंदावणार. आधी आयडल नीट करा, एसी लागल्यावर आरपीएम वाढवणारा आयडल-अप चालतो का बघा, बेल्ट बघा. तरीही भागले नाही तर मोठा अल्टरनेटर.

रिलेचे वायरिंग

जुन्या तारांतला तोटा टाळायला पंख्याला बॅटरीतून थेट वीज द्यायची, रिलेमार्गे. रिले म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच. सामान: ४० अँपिअरचा चार पिनांचा रिले सॉकेटसकट (एसी असेल तर दोन), ३० अँपिअरचा फ्यूज पाणी न शिरणाऱ्या होल्डरमध्ये, लाल आणि काळी ४ चौरस मिलिमीटरची तार दोन-दोन मीटर, १ चौरस मिलिमीटरची तार तीन मीटर, थिंबल (तारेच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे टोक), उष्णतेने आवळणारी स्लीव्ह, जाळीदार पाईप. तार गाडीच्या वायरिंगचीच घ्या. घराच्या वायरिंगची तार जाडीला तेवढीच असली तरी तिचे आवरण इंजिनाशेजारच्या उष्णतेत लवकर कडक होऊन तडकते.

बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून १५ ते २० सेंटिमीटरच्या आत फ्यूज. तिथून जाड लाल तार रिलेच्या ३० नंबरला. ८७ नंबरवरून तशीच जाड तार मोटरच्या पॉझिटिव्हला. मोटरची काळी तार थेट बॅटरीच्या निगेटिव्हला किंवा इंजिनाच्या मोठ्या अर्थला. पत्र्याला स्क्रू मारून अर्थ घेऊ नका. पहिल्या पावसाळ्यात तिथे गंज धरतो. ८६ नंबरला चावी लावल्यावर येणारी पॉझिटिव्ह, ३ अँपिअरच्या फ्यूजमधून. ८५ नंबर थर्मोस्विचला, म्हणजे पाणी गरम झाले की स्विच अर्थ देतो आणि रिले ओढतो. आता स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचे अर्धा अँपिअरपेक्षाही कमी जाते, त्याचे पॉइंट जळत नाहीत.

एसी चालू झाला की पंखा चालू व्हायलाच हवा. त्यासाठी एसीची तार पहिल्या रिलेत घुसवायचा मोह टाळा. एक बाजू अर्थवर चालते, दुसरी पॉझिटिव्हवर. एकत्र केल्या तर फ्यूज उडेल किंवा कंप्रेसर भलत्या वेळी लागेल. दुसरा रिले घ्या. त्याचा ८६ कंप्रेसरच्या क्लचच्या तारेला, ८५ अर्थला, ३० त्याच फ्यूजच्या पुढच्या तारेला, ८७ मोटरला. दोन्हींपैकी कोणताही ओढला तरी पंखा फिरतो.

रिले रेडिएटरच्या वर नको, बाजूच्या गार्डवर उभा बसवा, पिना खाली. म्हणजे पाणी साचत नाही.

थर्मोस्विच गरम बाजूला, म्हणजे वरच्या टाकीत किंवा हाऊसिंगवर असेल तर ९२ ते ९५ ला लागणारा आणि ८७ च्या आसपास सुटणारा घ्या. थंड बाजूच्या टाकीत असेल तर सुमारे ८५ ला लागणारा. ८२ चा थर्मोस्टॅट असलेल्या गाडीत गरम बाजूला ८० चा स्विच लावला तर पंखा कधी थांबणारच नाही. नवा स्विचही बसवण्याआधी तपासून घ्या. भांड्यात पाणी तापवा, स्विचचा पितळी भाग दोऱ्याने लटकवून बुडवा, शेजारी थर्मामीटर, आणि मल्टिमीटरने कोणत्या आकड्याला जोडतो ते बघा.

ॲम्बॅसडर किंवा पद्मिनीत इलेक्ट्रिक पंखा घालताना रेडिएटरला स्विचची जागाच नसते. मग वरच्या होजपाईपमध्ये धातूचा ॲडॉप्टर घालतात. तो दोन्ही बाजूंनी रबरात अडकलेला असल्यामुळे त्याला अर्थ मिळत नाही. एका पिनेचा स्विच असेल तर ॲडॉप्टरला वेगळी अर्थची तार द्यावीच लागते. ती न दिल्याने 'नवा स्विच खराब निघाला' म्हणून परत केलेले स्विच बहुधा चांगले असतात.

पट्ट्यावरचा आणि सिलिकॉन क्लचचा पंखा

ॲम्बॅसडर, पद्मिनी, जुन्या डिझेल जीप यांचा पंखा पंपाच्या पुलीवर. आयडलला इंजिन ७५० आरपीएम, तर पंखाही त्याच्याच मागेपुढे. इलेक्ट्रिक पंखा त्या वेळी दोन हजारांच्या वर फिरत असतो. फरक इथे आहे.

पेट्रोल गाडीत, जी फक्त शहरात चालते, इलेक्ट्रिकवर जाणे फायद्याचे. माल किंवा माणसे भरून छिंदवाड्याकडच्या घाटात चढणाऱ्या डिझेल जीपमध्ये मात्र मूळ पंखा काढू नका. घाटात वेग कमी आणि जोर जास्त. तेव्हा पट्ट्यावरचा पंखा भरपूर आरपीएमवर जेवढी हवा ओढतो तेवढी साधा १४ इंची इलेक्ट्रिक पंखा देत नाही. तिथे शराउड, ताठ बेल्ट, चारऐवजी सहा-सात पात्यांचा पंखा आणि गरज वाटलीच तर कंडेन्सरपुढे मदतीला एक १२ इंची.

जास्त पात्यांचा पंखा घेताना चार गोष्टी जुळवा: बोल्टचे वर्तुळ, मधले भोक, फिरण्याची दिशा, आणि रेडिएटरपासून किमान २५ मिलिमीटर अंतर. दिशा सगळ्यात जास्त वेळा चुकते, कारण उलट्या दिशेचा पंखाही बोल्टात अगदी नीट बसतो. वापरलेला लोखंडी पंखा असेल तर रिव्हेटजवळ केसासारखी तडा आहे का ते भिंगाने बघा. तीन हजार आरपीएमला सुटलेले पाते बॉनेट फाडून जाते.

पट्ट्यावरचा पंखा काढून इलेक्ट्रिक लावला तर पुलीचे बोल्ट लांब उरतात. पंखा आणि स्पेसरची जाडी गेली, बोल्ट तेवढेच राहिले, तर ते आवळल्यासारखे वाटतात पण पुली धरत नाहीत, किंवा टोके पंपाच्या अंगाला घासतात. जाडीइतके आखूड बोल्ट आणि स्प्रिंग वॉशर घाला.

जिप्सी, क्वालिस, जुनी बोलेरो यांत सिलिकॉन तेलाचा क्लच असतो. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की पुढची पट्टीची गुंडाळी आतली झडप उघडते आणि पंखा घट्ट धरला जातो. इंजिन पूर्ण गरम करून बंद करा, चावी काढून घ्या आणि पाते हाताने फिरवा. जोर लागला पाहिजे. दोन-तीन फेऱ्या मोकळ्या मारत असेल, किंवा क्लचच्या मधोमध तेलकट धूळ बसली असेल, तर तेल गेलेले आहे. नवा क्लच दुकानातून आणताना आणि घरी ठेवताना उभाच ठेवा. आडवा पडून राहिला तर तेल निघून जाते. क्लच वेल्डिंग मारून जाम करण्याची युक्ती गॅरेजांत चालते. पंखा तेव्हा कायमचा फिरतो, डिझेल खातो आणि पंपाचे बेअरिंग लवकर घालवतो. रस्त्यात अडकलात तर घरी पोहोचण्यापुरती ठीक.

थर्मोस्टॅट काढू नका, बोअरचे पाणी घालू नका

थर्मोस्टॅट काढल्यावर बऱ्याच इंजिनांत बायपासचे तोंड उघडे राहते. काही पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जाते आणि उन्हाळ्यातच जास्त तापते. हिवाळ्यात इंजिन गार राहून ॲव्हरेज पडते ते वेगळे. ८२ चा नवा थर्मोस्टॅट बसवा, त्यावर हवा जाण्याचे बारीक भोक असेल तर ते वरच्या बाजूला ठेवा.

बोअरच्या पाण्यातले क्षार नळ्यांत पापुद्रा धरतात. डिस्टिल्ड वॉटरच वापरा. कुलंट ३० ते ४० टक्के पुरे. गंज रोखायला आणि उकळबिंदू वाढवायला तेवढे लागते. इथे पाणी गोठायची भीती नाही, आणि शुद्ध कुलंट पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. 'जास्त कुलंट म्हणजे जास्त थंड' हा गैरसमज आहे.

झालेले काम तपासणे

दुपारी दोन ते चारच्या मध्ये गाडी सावलीत उभी करा, बॉनेट बंद, एसी पूर्ण, वीस मिनिटे आयडल. बॉनेट उघडे ठेवून घेतलेली चाचणी फसवते, कारण गरम हवेला वाट मिळते. दर पाच मिनिटांनी वरच्या टाकीवरच्या टेपवर आकडा घ्या. ९५ च्या आसपास चढून थांबला आणि तिथेच राहिला तर काम झाले, मग मे महिन्यात पंखा अखंड फिरत असला तरी हरकत नाही. पंखा पूर्ण व्होल्टवर फिरतो, कागद चिकटतो, तरी आकडा शंभर ओलांडून चढतच जातो, तर अडचण रेडिएटरमध्ये आहे. आता एसी बंद करून बघा. पंखा दोन-चार मिनिटे चालून सुटला पाहिजे. मग छत्रपती चौकाकडून डबल डेकर पुलाखालच्या गर्दीतून एक फेरी, संध्याकाळी सहाच्या सुमारास.

पाचशे किलोमीटर झाल्यावर ब्रॅकेटचे बोल्ट एकदा आवळा. पंखा दहा मिनिटे चालवून बंद केल्यावर फ्यूज होल्डर, रिलेचा सॉकेट आणि मोटरचा प्लग यांना बोट लावून बघा. कोमट चालेल. चटका बसत असेल तर तिथला थिंबल नीट दाबला गेलेला नाही. तो कापून नवा लावा, नाहीतर जूनच्या आधीच तो प्लग वितळलेला सापडेल.